जुनी मोटारसायकल घेताना तिचे उरलेले आयुष्य कसे पारखावे?

शेतकरी बंधूंनो, पहाटे वाशीच्या बाजार समितीत जाणे असो वा दुधाच्या किटल्या पोहोचविणे असो, मोटारसायकल हे आता शेतीचेच अवजार झाले आहे. नवी मुंबईतून एम.एच. ४३ क्रमांकाच्या वापरलेल्या गाड्या विकत मिळतात. मात्र बैल घेताना जसे आपण दात पाहतो, तशीच गाडीचीही पारख करावी.

मीटरवर विसंबू नका

मीटर बदलता येते किंवा त्याची केबल काढून ठेवता येते. म्हणून हिशेब करावा. रोज ३० किलोमीटर व वर्षातील ३०० दिवस धरल्यास वर्षाला ९,००० किलोमीटर होतात. म्हणजे ८ वर्षांच्या गाडीचे सुमारे ७२,००० किलोमीटर झालेले असणार. मीटर २८,००० दाखवत असेल आणि पायदानाचे रबर झिजून गुळगुळीत झाले असेल, तर शंका घ्यावी.

इंजिनाची तपासणी

१) गाडी थंड असतानाच पाहावी. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवली असल्यास दोष झाकले जातात.

२) किक हाताने सावकाश दाबावी. चांगला विरोध जाणवला पाहिजे. किक सहज खाली गेल्यास रिंगा किंवा व्हॉल्व्हमधून दाब गळतो असे समजावे.

३) धूर पाहावा. सुरू करताना क्षणभर निळा धूर येऊन थांबल्यास बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेले असतात. ॲक्सिलरेटर पिळताना तो सतत येत असल्यास पिस्टन, रिंगा व बोअर झिजलेले असतात. काळा धूर जादा पेट्रोल जळत असल्याचे दाखवितो. हा दोष बहुधा स्वस्तात दुरुस्त होतो.

४) ऑइल दुधाळ दिसल्यास इंजिनात पाणी गेले आहे. चढावर खालून ठक-ठक आवाज आल्यास कनेक्टिंग रॉडचे काम निघते. ते खर्चिक असते.

५) वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेटा संपल्या आहेत.

सांगाडा

खाडीकाठच्या खाऱ्या हवेने व पावसाने लोखंड लवकर गंजते. सायलेन्सरची खालची बाजू, पेट्रोल टाकीचा आतला भाग व हँडलखालचे जोड बॅटरीच्या उजेडात पाहावेत. दोन्ही चाके एका रेषेत नसल्यास गाडी अपघातातली असू शकते. सांगाडा वाकलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. त्यात जिवाला धोका आहे.

किमतीचा हिशेब

टायर, साखळी, ब्रेक व क्लच प्लेटा बदलता येतात. त्यांचा खर्च किमतीतून वजा करावा. समजा, गाडी २५,००० रुपयांना मिळते व दुरुस्तीला १०,००० लागतात. मिस्त्रीच्या मते ती आणखी ३५,००० किलोमीटर चालेल, तर किलोमीटरला १ रुपया पडला. पेट्रोल वेगळे. अशा तऱ्हेने दोन-तीन गाड्यांची तुलना करावी.

कागदपत्रे

आर.सी.वरील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष ताडून पाहावेत. नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. बँकेचा बोजा व थकलेले चलन पाहावे. नमुना २९ व ३० वर सह्या घेऊनच पूर्ण रक्कम द्यावी आणि विमा आपल्या नावे करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करावा.

घाई न करता, ओळखीचा मिस्त्री बरोबर नेऊनच व्यवहार करावा.