ताईंच्या फिट्स आणि भाच्याचा गुळगुळीत मेंदू

प्रश्न : माझा भाचा सात महिन्यांचा आहे. अजून मान धरत नाही, आकड्या येतात. एमआरआयमध्ये 'लिसेनसेफली' निघालं. आता डॉक्टरांनी त्याच्या आईचाही एमआरआय करायला सांगितलाय. ताईला लहानपणापासून फिट्स येतात, पण ती पदवीधर आहे, नोकरी करते. या दोन्हींचा संबंध काय? घरात मात्र तिने ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं, असं बोललं जातं. – एक वाचक

उत्तर : आधी ग्रहणाचं. त्याचा या आजाराशी काडीचाही संबंध नाही. ताईंच्या हातून काहीही चुकलेलं नाही, हे घरात कुणीतरी ठणकावून सांगायला हवं. ते तुम्हीच सांगा.

मेंदूच्या पेशी जिथे तयार होतात तिथेच राहत नाहीत. गर्भाच्या मेंदूत आत द्रवाने भरलेल्या पोकळ्या असतात. त्यांच्या कडेला पेशी जन्मतात आणि आधाराला असलेल्या बारीक तंतूंना धरून पृष्ठभागाकडे सरकतात. हे स्थलांतर मुख्यतः गर्भारपणाच्या तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात चालते. विशेष म्हणजे नंतर जन्मलेली पेशी आधीच्यांना ओलांडून वर जाते. अशा रीतीने सहा थर रचले जातात, आणि मेंदूवर वळ्या पडतात त्या त्यानंतर. पेशी वाटेतच अडकल्या तर थर नीट रचले जात नाहीत, वळ्याही पडत नाहीत. लिसेनसेफली ती हीच.

पेशीला पुढे सरकायला आतून सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा लागतो. त्याला बळकटी देणारं एक प्रथिन आहे डबलकॉर्टिन. त्याचं जनुक, डीसीएक्स, १९९८ मध्ये पॅरिस आणि बोस्टनच्या संशोधकांनी स्वतंत्रपणे शोधलं. ते एक्स गुणसूत्रावर असतं, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

मुलाकडे एक्स एकच. तो सदोष असेल तर सगळ्याच स्थलांतर करणाऱ्या पेशी अडखळतात. बाईकडे दोन एक्स असतात, पण प्रत्येक पेशीत त्यातला एकच चालू राहतो आणि दुसरा गर्भावस्थेच्या सुरुवातीलाच बंद होतो. कोणता बंद व्हायचा, हे पेशीगणिक वेगळं. त्यामुळे सदोष जनुक असलेल्या बाईच्या मेंदूत चांगला एक्स चालू असलेल्या पेशी पृष्ठभागावर पोचतात आणि बाकीच्या अर्ध्या वाटेवर थांबतात. एमआरआयमध्ये नेहमीच्या करड्या थराखाली पांढरी रेघ आणि तिच्याखाली करड्या रंगाचा आणखी एक पट्टा दिसतो. याला 'डबल कॉर्टेक्स' म्हणतात. पट्टा जितका जाड, तितका त्रास सहसा जास्त. पट्टा पातळ असेल तर शिक्षण-नोकरी सगळं होतं, फक्त फिट्स राहतात. काही वाहक स्त्रियांचा एमआरआय तर अगदी स्वच्छ येतो. म्हणून तेवढ्यावर थांबू नका, रक्ताची जनुकीय तपासणीही करून घ्या.

तरी भाच्याचं कारण डीसीएक्सच असेल, असं मात्र तपासणीआधी म्हणता येणार नाही. सतराव्या गुणसूत्रावरच्या लिस-१ जनुकातला दोषही असाच आजार देतो. तो बहुतेक वेळा बाळात नव्यानेच उद्भवलेला असतो. जाणत्या रेडिओलॉजिस्टला याचा थोडा सुगावा चित्रावरूनच लागतो : डीसीएक्समध्ये मेंदूचा पुढचा भाग जास्त गुळगुळीत, लिस-१ मध्ये मागचा.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत का कळलं नाही, असंही मनात येईल. त्या वयात निरोगी गर्भाचा मेंदूही बराचसा गुळगुळीतच असतो.

अडकलेल्या पेशी पुन्हा जागेवर नेणारं औषध आज नाही. पण आकड्या आटोक्यात ठेवणं फार महत्त्वाचं आहे. बाळाला दूध पाजताना ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. दूध श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो.

ताईंमध्ये डीसीएक्सचा दोष सापडला, तर प्रत्येक गरोदरपणात तो मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता ५० टक्के असते. दोष आधी माहीत असेल तर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी करता येते. म्हणून पुढच्या बाळाचा विचार करण्याआधी दोघांनी जनुकीय सल्लागाराला भेटावं. फिट्सच्या काही गोळ्या गर्भाला घातक असतात, त्यामुळे त्या बदलायच्या का, हेही ताईंनी न्यूरोलॉजिस्टना आधीच विचारावं. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नये.