चपला-फुलांच्या आधी रक्ततपासणी

लग्नसराई आली की चिंचपाडा-नवापूरच्या बाजारात नवरीच्या चपलांची निवड तासन् तास चालते. वेणीची फुलेही दहा ठिकाणी पाहिली जातात. हौस जरूर करावी. चपला मात्र सायंकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून, चालून पाहूनच घ्याव्यात. म्हणजे ऐन मांडवात फोड येत नाहीत.

परंतु या खरेदीआधी सिकलसेलची तपासणी करा, असे मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक उपवर मुला-मुलीला सांगतो. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. वाहक व्यक्ती सहसा धडधाकट असते, त्यामुळे नुसते पाहून कळत नाही. वधू-वर दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला हाडे-सांध्यांच्या तीव्र वेदना, कावीळ व रक्तक्षय वारंवार छळतात.

सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. त्यात दोष दिसल्यास इलेक्ट्रोफोरेसिसने खात्री करतात. वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे. त्यावरून मुलीला नावे ठेवू नयेत. बोलणी पक्की होण्यापूर्वी दोघांनीही तपासून घ्यावे, अहवाल डॉक्टरांना दाखवावा आणि मगच बाजार गाठावा.