वाफ्याला दगडाची कड लावतोस, तर ऐक

बाबू, अंगणात अबोलीचा वाफा करून त्याला दगडाची कड लावणार आहेस म्हणे. छान! पण आपल्या रत्नागिरीकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे हे काम दगडापेक्षा पाण्याचंच जास्त आहे.

१. आधी खुंट्या ठोक, दोरी ताण – दोरी खरी, डोळा लबाड. वळणदार कड हवी असेल तर पाण्याचा पाईप उन्हात तापवून अंगणात टाक. गार पाईप हट्टी, नको तिथे कोपरे काढतो.

२. भिंतीलगतचा वाफा दोन फुटांहून रुंद नको, आणि भिंतीपासून हातभर सोडून – ओल घरात शिरत नाही, तण काढायला वाफ्यात पायही घालावा लागत नाही.

३. दगड गावचाच घे. चिरेखाणीवर मोडके चिरे मिळतात का विचार – फुलांना घडीव कोपरे लागत नाहीत, आणि जांभा उघड्यावर राहून आणखी टणक होतो. नदीतले गोटे दिसायला गोड, पण एकावर एक ठरत नाहीत. गडावरचा दगड मात्र कितीही बेवारशी दिसला तरी उचलायचा नाही. तो आपला नव्हे.

४. ढिगातला दगड पहारीने उचकट, बोटं खाली घालू नकोस. पलीकडची कड वर कर, आपल्याकडची टेकलेली राहू दे – खाली फुरसं निघालं तर मध्ये दगड राहतो. फुरसं एवढंसंच असतं, म्हणून शौर्य दाखवू नकोस.

५. चर वीतभर खोल खण, तळाला चार बोटं मुरूम घालून धुम्मसने ठोक. खालच्या दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे – बूड मातीत, तर माथा जागेवर.

६. मोठे दगड खाली, सांध्यावर सांधा नको, आणि कडेला वाफ्याकडे किंचित कल दे. गडगा घालणारा माणूस दगड हातात घेऊन नुसता फिरवत बसतो ना, तो वेळ काढत नसतो; दगडाचं बसायचं तोंड शोधत असतो. तूही शोध. तरीही डुललाच तर चीप मागून मार – पुढून मारलेली पावसात निसटते.

७. सिमेंट नकोच – सांधे बुजले की पाणी आत अडतं, मुळं कुजतात आणि ओली माती कड बाहेर ढकलते. उताराकडे मागून खडी भर. उंची गुडघ्यापर्यंतच ठेव. त्यावर जायचं तर जाणता गडी बोलव.

८. गेरू-चुना दिवाळीला – मे महिन्यात लावलेला जूनमध्ये गटारात.

पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन वाफ्यापाशी उभा राहा. पाणी तुंबेल तिथला एक दगड काढून पुन्हा सैल बसव. आणि जड चिरा एकट्याने उचलू नकोस, काकांना हाक मार. आधी नाही म्हणतील, मग पहार घेऊन तुझ्याआधी हजर होतील.