हीटर एक दिवस बिघडणारच

अगं, समुद्री टँक लावायचं ठरवलंसच तर दिवे आणि स्किमर यांबद्दल दुकानदार तुला तासभर ऐकवेल. हीटरची पाळी आली की मात्र "हा घ्या, ऑटोमॅटिक आहे" एवढंच म्हणून खोका पुढे सरकवेल. म्हणून तेवढ्यापुरतं आत्याचं ऐक. मुंबईत असतीस तर मी हा विषय काढलाही नसता, तिथे कित्येकांचे हीटर वर्षभर कपाटात पडून असतात. पण नाशिकची गोष्ट वेगळी. निफाडचा पारा दर थंडीत पेपरात येतो तो उगाच नाही. जानेवारीत पहाटे तुमच्या हॉलमध्येच पंधरा-सोळा अंश असतं, आणि तुझ्या क्लाउनफिशला हवं असतं पंचवीस-सव्वीस.

सगळ्यात आधी एक पक्कं धरून चाल. हीटर बिघडणार. महागातला घेतलास तर जरा उशिरा बिघडेल. बिघडल्यावर तो काय करेल, याचा विचार विकत घेतानाच करायचा.

काचेच्या नळीतल्या साध्या हीटरमध्ये दोन धातू एकमेकांना जोडलेली पट्टी असते, जुन्या इस्त्रीत असायची त्याच जातीची. पाणी तापलं की ती वाकते आणि सर्किट तुटतं, निवलं की परत टेकते. टेकता-सुटताना दर वेळी बारीक ठिणगी पडते. थंडीच्या एका रात्रीत हे किती वेळा होत असेल! टोकं हळूहळू काळी पडत जातात आणि एक दिवस एकमेकांना चिकटून बसतात. मग हीटर बंद व्हायचं नावच घेत नाही. टँक बुडवणारा बिघाड तो हाच. हीटर नुसता मेला तर पाणी सावकाश निवतं, तुला सकाळपर्यंत वेळ मिळतो. तापत राहिला तर दोन्हीकडून मार बसतो, कारण पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी, आणि गरम पाण्यात माशाला श्वास जास्त लागतो. प्रवाळाचं तर विचारूच नकोस. 1998, 2010 आणि 2016 साली लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं, ते समुद्र नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दोन अंशांनी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसाच राहिल्यामुळे.

आता किती वॅटचा घ्यायचा ते बघू. तुझा टँक तीन फुटी, खालची पंप-स्किमरची टाकी, म्हणजे सम्प, धरून, दगड-वाळूची जागा वजा करून साधारण दोनशे लिटर पाणी. खोली आणि पाणी यांत दहा अंशांचा फरक राखायचा तर लिटरला एक वॅट धर. पाच अंशांचा असेल तर अर्धा पुरतो. म्हणजे तुला लागतात दोनशे वॅट. पण दोनशेचा एक आणू नकोस, शंभरचे दोन आण. दोनशे वॅटने दोनशे लिटर पाणी एक अंश तापायला साधारण सत्तर मिनिटं लागतात. एकुलता एक हीटर रात्री दहाला चिकटला तर सकाळी सहापर्यंत काय होईल त्याचा हिशेब तूच कर. शंभरचा चिकटला तर वेग निम्मा, आणि थंडीत त्यातली बरीच ऊब खोलीच खाऊन टाकते. शिवाय एक मेला तरी दुसरा पाणी धरून ठेवतो. "असू दे थोडा जास्त" म्हणून तीनशेचा गळ्यात मारतील, घेऊ नकोस. गीझर मोठा असला तर बिघडत नाही, हीटर मोठा असला तर बिघडतं.

काच की टायटॅनियम? पैसे असतील तर टायटॅनियम. दगड अंगावर पडला तरी फुटत नाही आणि खाऱ्या पाण्यात गंजत नाही. मात्र त्यातल्या बऱ्याच हीटरना स्वतःचा थर्मोस्टॅट नसतो, बाहेरचा कंट्रोलर लागतोच. काचेचा घेतलास तर प्लास्टिकची जाळी असलेला घे. गोगलगाय, समुद्री साळू, ॲनिमोन यांना हीटर बंद असताना त्याच्यावर जाऊन बसायची भारी हौस, आणि तो सुरू झाल्यावर हलण्याइतकी चपळाई त्यांच्यात नाही. "स्टेनलेस स्टील" लिहिलेले स्वस्तातले हीटर गोड्या पाण्याच्या टँकवाल्यांना लखलाभ होवोत. खारं पाणी त्या स्टीलला काही महिन्यांत तपकिरी करतं.

कंट्रोलर मात्र घेच. एसटीसी-1000 सारखा साधा चालतो, पण जोडणी इलेक्ट्रिशियनकडून डबीत बंद करून घे, उघड्या वायरी नकोत. कंट्रोलर साडेपंचवीसवर लाव आणि दोन्ही हीटरच्या डायल सत्तावीसवर. रोजचं काम कंट्रोलर करेल. त्याचा रिले चिकटलाच तर हीटरच्या आतली पट्टी सत्तावीसला अडवेल. दोन्ही एकाच दिवशी चिकटायला नशीबच फुटकं हवं. सुरू-बंद यांतल्या फरकाची सेटिंग अर्धा अंश ठेव. हौसेने पाव अंशावर आणलीस तर रिले दिवसभर टकटक करत लवकर मरेल. कंट्रोलरचा पाण्यात बुडवायचा प्रोब असतो, त्याचं टोक उघड्या स्टीलचं असेल तर तेही गंजतं, प्लास्टिकने मढवलेलं माग.

आता जागा. इथे लोक सगळ्यात जास्त घोळ घालतात.

सम्पमध्ये रिटर्न पंपाचा जो शेवटचा कप्पा असतो, तिथे हीटर ठेवायचा मोह होतो, कारण जागा मोकळी असते आणि पाणी जोरात फिरतं. पण बाष्पीभवनाने पाणी उतरतं ते नेमकं त्याच कप्प्यातलं. नाशिकच्या कोरड्या हवेत दोन दिवस पाणी घालायला विसरलीस की हीटरचं डोकं उघडं पडेल. उघडी काच हवेत भाजते, मग तुला आठवतं, तू गार आरओ पाणी ओततेस आणि तड्! आता आतली वायर थेट खाऱ्या पाण्यात, आणि खारं पाणी किती वीज वाहून नेतं ते तुला शाळेत शिकवलंय. तेव्हा हीटर जाऊ दे स्किमरच्या कप्प्यात, जिथे आडव्या काचेमुळे पातळी हलत नाही. आडवा लाव, तळापासून दोन बोटं वर. वाळूत रुतलेला नको, काचेच्या सांध्यातल्या सिलिकॉनला टेकलेला नको. काही हीटर फक्त उभेच लावायचे असतात, ते खोक्यावर लिहिलेलं असतं. तसा असेल तर नळीवरच्या कमीत कमी पाण्याच्या खुणेच्या वर पाणी राहील हे बघ.

प्रोब कुठे ठेवायचा याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. बरेच जण तो वरच्या टँकमध्ये ठेवतात, मासे तिथे आहेत म्हणून. समज, रात्री रिटर्न पंप बंद पडला. वरचं पाणी निवू लागतं, प्रोब ओरडतो "थंड, थंड", आणि खाली हीटर सम्पमधलं चाळीस लिटर पाणी तापवत बसतात. ते वर पोचतच नाही. म्हणून प्रोब सम्पमध्येच, हीटरच्याच कप्प्यात, पण हीटरला न टेकता. पंप बंद पडला तर हीटर आपोआप थांबतील, वरचा टँक सावकाश निवेल, तेवढं परवडतं. वरती ठेव साधा काचेचा थर्मामीटर. प्रोब नुसत्या रबरी सक्शन कपवर टांगू नकोस. खाऱ्या पाण्यात ते रबर कडक होऊन सुटतं आणि प्रोब बाहेर लोंबकळतो. हवा गार, त्यामुळे त्याला पाणीही गार वाटतं, आणि हीटर तापवतच राहतात. क्लिप लाव, वर नायलॉनचा टाय आवळ.

सम्प नसता तर मी हीटर मागच्या काचेशी खाली आडवा, वेव्हमेकरच्या झोतात ठेवायला सांगितला असता. खाली अशासाठी की पाणी बदलताना तो उघडा पडू नये.

पाणी बदलायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं हीटरचे प्लग काढायचे. नुसता कंट्रोलरचा आकडा खाली आणून भागत नाही, प्लग हातात दिसला पाहिजे. दोन्ही प्लगना लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेव म्हणजे घाईत स्किमरचा निघणार नाही. वायर सॉकेटकडे नेताना मध्ये सॉकेटच्याही खाली एक झोळ सोड. ओल्या वायरीवरून थेंब घसरत येतो तो त्या झोळाच्या तळाशी थांबून खाली टपकतो, प्लगपर्यंत चढत नाही. त्या जागी पंधरा दिवसांत मिठाची पांढरी खपली दिसेल, तीच प्लगमध्ये साठली असती. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळावर कधीच नको, बाजूच्या फळीला वरती ठोकून घे. टँकसाठी 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी वेगळा बसवून घे आणि त्याचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून बघ. टू-पिनचा हीटर फुकट मिळाला तरी आणायचा नाही.

हीटर इन्व्हर्टरवर टाकू नकोस, बॅटरी काही तासांत आडवी होईल. इन्व्हर्टरवर वेव्हमेकर ठेव, त्याला दहाएक वॅट पुरतात आणि पाणी हलतं राहिलं की मासे तगतात. लाइट फारच वेळ गेली तर टँकभोवती गोधडी गुंडाळ, वरचा भाग मोकळा सोडून. निवलेल्या टँकमध्ये कढत पाणी ओतायची बुद्धी घरात कुणाला तरी होतेच. होऊ देऊ नकोस. हीटरला त्याच्या चालीने चढू दे.

थर्मामीटर दोन ठेव. काचेवर चिकटवायची रंग बदलणारी पट्टी शोभेची असते. तापाचा डिजिटल थर्मामीटरही चालत नाही, तो बत्तिसाच्या खाली बोलतच नाही. आणि दादाला सांग, पाण्यात बोट घालून "कोमट आहे की" म्हणायचं नाही. थंडीत गारठलेल्या बोटाला सगळंच कोमट लागतं. थर्मामीटर खरा की खोटा हे कळायला पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळ, आकडा शून्याच्या जवळ आला पाहिजे.

दरवर्षी नवरात्रात घराची साफसफाई निघेल तेव्हा हीटरही काढ. नळीवर चुन्याचं कवच चढलेलं असतं. प्लग काढून पूर्ण गार होऊ दे, मग नळीचा पांढरा भाग तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडव आणि जुन्या टूथब्रशने घास. पितांबरी नको, काथ्या नको. नंतर एकेक हीटर पंधरा लिटरच्या बादलीत, डायल पंचविसावर. शंभरचा हीटर विसावरचं पाणी तासाभरात तिथे आणतो. हीटरचा दिवा विझेल त्या क्षणी थर्मामीटर बघ. डायल पंचवीस म्हणते आणि पाणी सव्वीस असतं, असं सर्रास निघतं. तो फरक कागदी टेपवर लिहून त्याच हीटरच्या वायरीला चिकटव. दोन-तीन अंशांचा फरक निघाला, नळीच्या आत बाष्प दिसलं किंवा वायर जिथे आत शिरते तिथलं रबर चिरलेलं असलं, की तो हीटर भंगारात. धडधाकट दिसला तरी तीन वर्षांवर ठेवू नकोस. मात्र दोघांना एकदम निवृत्त करू नकोस, एक यंदा, एक पुढल्या वर्षी.

आणि होळी झाली की दोन्ही प्लग काढून टाक. मे महिन्यात हॉल पस्तीसला असताना चिकटलेल्या हीटरला ऊब खाणारी खोलीच उरत नाही. तेव्हा कंट्रोलरच्या दुसऱ्या बाजूला पंखा जोड. रात्री एसी लावणार असाल तर मात्र एक हीटर लावलेला असू दे.

गावाला जाताना शेजारच्या काकूंना किल्ली देशील तेव्हा टँकवर मोठ्या अक्षरांत कागद लाव: थर्मामीटर अठ्ठावीसच्या वर गेला तर लाल पट्टीचे प्लग ओढायचे, बाकी कशाला हात लावायचा नाही. खाणं घालायला मुळीच सांगू नकोस. मोठे मासे तीन-चार दिवस आरामात उपाशी राहतात, आणि काकू चिमटीऐवजी मूठ घालतात.