जुन्या विहिरीवर डिझेल एंजिन बसवितांना

अंबाजोगाईच्या आसपास, बालाघाटाच्या माथ्यावर, मोटेच्या काळच्या बांधीव विहिरी अद्याप पुष्कळ उभ्या आहेत. त्यांचीं थारोळीं कोरडीं पडलीं, धावेवर बाभळी उगवल्या. परंतु बांधकाम बहुधा शाबूत आहे. वीज पाळीपाळीनें, आणि कित्येकदां रात्रीं, येते. सूर्यशक्तीचा पंप ढगाळ दिवशीं मंदावतो. म्हणून अशा विहिरीवर जोडीला एखादें डिझेल एंजिन असावें असें पुष्कळ बागाईतदारांस वाटतें. आणि जुनें एंजिन स्वस्तांत मिळालें कीं तें घाईनें बसविलेंहि जातें. ही घाई कोठें नडते, तेवढेंच या पाठांत सांगावयाचें आहे.

डिझेल एंजिनाची ओळख आतां फारशी करून देण्याचें कारण नाहीं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रशास्त्रज्ञाचें पहिलें यशस्वी एंजिन १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें चाललें. त्यांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत तेल फवारलें कीं तें आपोआप पेट घेतें. आपल्याकडे पुण्याजवळ खडकी येथें किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं निघाली, आणि पुढें महाराष्ट्रांतील मळ्यामळ्यांत त्यांचीं उभीं एंजिनें पोंचलीं. मिनिटास सुमारें ६५० फेरे घेणारीं जड, लिस्टर घाटणीचीं एंजिनें व १५०० फेरे घेणारीं हलकीं एंजिनें असे दोन प्रकार ठाऊक असले म्हणजे पुरे. जड एंजिनास पाया मोठा लागतो व जागा अडते. पण तें सावकाश चालतें, सावकाश झिजतें आणि गांवचा मिस्त्री त्यास बुजत नाहीं. आमचा कल त्याच्याकडे आहे, हें लपवीत नाहीं.

एंजिन किती अश्वशक्तीचें घ्यावें हा प्रश्न दुकानांत विचारूं नये, विहिरीस विचारावा. आमच्या वडिलांनीं १९७२ च्या दुष्काळानंतर मोट सोडली, तेव्हां शेजारच्या मळ्यांत दहा अश्वशक्तीचें एंजिन आहे एवढ्याच कारणानें आपणहि दहाचेंच घेतलें. पहिल्या दिवशीं पाटांत पाणी मावेना. गांव पाहावयास आलें. दोन तासांच्या आंत पंप हवा ओढूं लागला. मोटेच्या दिवसांत ती विहीर तळाला गेलेली आम्ही कधीं पाहिली नव्हती. बैल दमत, मोटकरी थांबे, तेवढ्यांत झरे आपलें काम करीत. एंजिन दमत नाहीं. म्हणून विहिरीची ऐपत आधीं मोजून घ्यावी लागते.

ती मोजण्याची रीत सोपी आहे. उन्हाळ्यांत संध्याकाळीं विहीर उपसून पाणी खालीं न्यावें, काठीवर खूण करावी व बारा तासांनीं पाणी किती चढलें तें पाहावें. समजा, विहिरीचा व्यास २० फूट आहे आणि पाणी ८ फूट चढलें. म्हणजे सुमारें ७१,००० लिटर पाणी आलें. तासाला जवळ जवळ ६,००० लिटर. आतां सेकंदास १० लिटर उपसणारा पंप तासाला ३६,००० लिटर काढतो. बारा फूट पाणी सांठलेलें असलें तरी झऱ्यांची भर धरून तें साडेतीन तासांत संपेल. अशी विहीर चोवीस तासांत जें देते त्यांत दोन इंची पाळी पाऊण एकरासहि पुरत नाहीं. एंजिन दुप्पट केलें तर विहीर निम्म्या वेळांत आटेल. भिजणारें रान तेवढेंच राहील. आपला काळा पाषाण भेगांतून व वरच्या मुरमांतून जेवढें पाणी सोडतो तेवढेंच आपलें.

शक्तीचा हिशेब असा: सेकंदाचे लिटर गुणिले एकंदर उंची मीटरांत, भागिले ७५. वरील उदाहरणांत नळांतील घर्षणासह उंची १८ मीटर धरली तर उत्तर २·४ येतें. पंप दिलेल्या शक्तीपैकीं सुमारें साठ टक्केच कामीं लावतो असें धरल्यास ४ अश्वशक्ति लागते. म्हणून ५ चें एंजिन पुरे. पूर्ण भारावर तें तासाला एक लिटरहून थोडें अधिक डिझेल खातें.

यापुढची गोष्ट अधिक जपून वाचावी. वर बसविलेला पंप पाणी ओढतो असें आपण म्हणतों. वस्तुतः हवेचा भार पाण्यास नळांतून वर ढकलतो. हा भार समुद्रकांठीं फार तर ३४ फुटांपर्यंत पाणी चढवील. अंबाजोगाई सुमारें दोन हजार फूट उंच. येथें त्यांतून दोन-अडीच फूट वजा. घर्षण व गळती जातां व्यवहारांत पंप पाण्याच्या पातळीपासून २० ते २२ फुटांपेक्षां वर नसावा. बहुतेक लोक हें अंतर दिवाळींत मोजतात, त्या वेळीं विहीर भरलेली असते. चैत्र-वैशाखांत पाणी चाळीस फुटांवर जातें आणि पंप मुका होतो. मग एंजिनच विहिरींत उतरवून कपारीवर किंवा लाकडी माचीवर बसविण्याचा मोह होतो.

तो मोह टाळावा. एंजिनाच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. पेट्रोलच्या किंवा रॉकेलच्या एंजिनापेक्षां डिझेलच्या धुरांत तो कमी असतो, परंतु विहिरीसारख्या कोंडलेल्या जागेंत कमी म्हणजे निर्धास्त नव्हे. आपल्याकडे विहिरींत उतरण्यापूर्वीं कंदील सोडून पाहण्याची जुनी चाल आहे. कंदील विझला तर उतरूं नये, हें खरें. पण कंदील जळत राहिला म्हणून हा वायु नाहीं असें मात्र ठरत नाहीं. माणूस मरण्याइतका वायु असतांहि ज्योत जळत राहते. आंत एक जण कोसळला कीं दुसरा त्याला काढावयास उतरतो आणि तोहि तेथेंच पडतो. अशा वेळीं उतरणाऱ्यास धरून ठेवावें, एंजिन बंद करण्याची सोय वरून असल्यास तें बंद करावें, दोरानें वर काढतां आलें तर काढावें, आणि त्यास तांतडीनें प्राणवायु मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें. पाणी खोल असेल तर एंजिनावर जनित्र चालवून विजेचा बुडीत पंप पाण्यांत सोडावा. खर्च वाढतो, पण धूर मोकळ्या हवेंत राहतो.

आतां पाया. थारोळ्याची दगडी बैठक आयती दिसते, म्हणून पुष्कळ लोक एंजिन तिच्यावरच ठेवतात. ती बैठक विहिरीच्या बांधावर टेकलेली असते; रोजच्या हादऱ्यांनीं चिरे सुटतात आणि एखाद्या पावसाळ्यांत बाजू आंत येते. कांठापासून सहा-आठ फूट मागें, कठीण मुरूम लागेपर्यंत खणावें. एक भाग सिमेंट, दोन वाळू, चार खडी असा कोबा घालावा. त्याचें वजन एंजिनाच्या अडीच-तीन पट भरावें. बोल्ट नळीच्या तुकड्यांत उभे ठेवावे, म्हणजे मागाहून अंगुळभर सरकवितां येतात. निदान आठ दिवस पाणी मारल्यावांचून वर वजन ठेवूं नये.

एंजिन पाणसळीनें सपाट झालें म्हणजे पट्ट्याच्या दोन्ही चाकांच्या कडांवरून सूत ताणावें. तें चारी ठिकाणीं एकसारखें टेकलें पाहिजे. पट्ट्याची ढिली बाजू वर असावी. पंप थेट कपलिंगनें जोडला असेल तर दोन चकत्यांमधील फट चारी अंगांनीं पातळ पत्र्याच्या पट्टीनें तपासावी, आणि बोल्ट आवळल्यावर पुन्हां तपासावी. कारण आवळतांनाच एंजिन सरकतें. कोंकण किनाऱ्यावर शिडाच्या होड्यांत एंजिन बसविणारे मिस्त्री हेंच काम होडी पाण्यांत सोडल्यावर पुन्हां करितात. लांकडी सांगाडा पाण्यावर तरंगतांच किंचित् आकार बदलतो आणि किनाऱ्यावर जुळलेला दांडा तेथें जुळत नाहीं. आपला पाया तरंगत नसला तरी काळ्या रानांत तो भिजून फुगतो व उन्हाळ्यांत आकसतो, म्हणून मुरमापर्यंत जाण्याचा आग्रह.

ओढीचा नळ विहिरीपासून पंपाकडे सतत चढता असावा. मध्यें उंचवटा राहिला कीं तेथें हवा सांठते व पाणी तुटतें. सांध्यांना ताग व सफेदा नीट भरावा. तळाची झडप, जिला खेड्यांत ‘फुटबॉल’ म्हणतात, ती गाळापासून दीड-दोन फूट वर व पाण्यांत निदान दोन फूट बुडालेली ठेवावी. धुराची नळी माणसाच्या डोक्यावरून, वाऱ्याच्या दिशेनें, विहिरीपासून दूर न्यावी.

एंजिन प्रथम भाराशिवाय अर्धा तास चालवावें, मग अर्ध्या भारावर. सुरू होत नसेल तर हँडल मारीत बसण्यापूर्वीं तेलाच्या नळींतील हवा काढली आहे कीं नाहीं तें पाहावें. दहांपैकीं सात वेळां दोष तेथेंच सांपडतो. पहिल्या पन्नास तासांनंतर वंगणाचें तेल बदलावें, पायाचे बोल्ट पुन्हां आवळावे आणि सूत पुन्हां एकदां लावून पाहावें.