बीजदोष, सिकलसेल आणि आनुवंशिकतेचे गणित

पांडुता, सांध्यांत व हाडांत उठणारा तीव्र शूल, अधूनमधून डोळ्यांत दिसणारी पिवळी झाक आणि वारंवार येणारा ज्वर ही लक्षणे एकाच बालकात आढळली, तर ती पांडू, आमवात व कामला अशा तीन कप्प्यांत विभागण्याचा मोह चिकित्सकास होतो. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर अथवा नंदुरबार या जिल्ह्यांत व्यवसाय करणाऱ्या वैद्यांना या लक्षणांना एका सूत्रात ओवणारा विकार परिचित आहे. तो म्हणजे सिकलसेल. परंतु शिक्षण व रोजगाराच्या निमित्ताने या जिल्ह्यांतील कुटुंबे आता राज्यभर वसली आहेत आणि त्यामुळे पुण्यातील वा ठाण्यातील वैद्यासही हा रुग्ण केव्हाही भेटू शकतो. या एका विकाराच्या आधारे आनुवंशिकतेची मूलतत्त्वे येथे मांडावी, असा आमचा मानस आहे.

आनुवंशिक विकारांचा विचार आपल्या संहितांना नवा नाही. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात व्याधींचे वर्गीकरण करताना शुक्र-शोणिताच्या दोषातून उद्भवणाऱ्या व्याधींना आदिबलप्रवृत्त असे नाव दिले आणि त्यांचे मातृज व पितृज असे दोन भेद केले. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील तिसऱ्या अध्यायात भरद्वाज एक मार्मिक शंका उपस्थित करतात. अपत्य जर मातापित्यांपासून होते, तर अंध वा मूक मातापित्यांची अपत्येही तशीच का होत नाहीत? त्यावर आत्रेयांचे उत्तर असे की, बीजाचा जो भाग दूषित असेल त्या भागाशी संबंधित अवयवातच विकृती येते. तो भाग दूषित नसेल तर येत नाही. मधुमेही मातापित्यांपासून जन्मलेल्याचा प्रमेह बीजदोषामुळे असाध्य होय, हे प्रमेहचिकित्सेतील विधानही याच विचाराचे.

अलीकडे परिसंवादांतील निबंधांत ‘बीजभागावयव म्हणजेच जनुक’ असे समीकरण सर्रास मांडले जाते. आमच्या मते ही घाई आहे. विकृती बीजाच्या अंशात असते आणि ती प्रत्येक अपत्यात उतरतेच असे नाही, ही दोन निरीक्षणे संहितांत निःसंशय आहेत व ती थोर आहेत. परंतु किती अपत्यांत उतरेल, या प्रश्नाचे उत्तर तेथे नाही. ते मोजणीतून आले.

ही मोजणी ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील मठाच्या बागेत केली. 1856 पासून सुमारे आठ वर्षे त्यांनी वाटाण्याच्या वेलींचा संकर घडवून आणला आणि सात लक्षणांची नोंद ठेवली. गुळगुळीत व सुरकुतलेल्या दाण्यांच्या वेलींचा संकर केला असता पहिल्या पिढीत सर्व दाणे गुळगुळीत आले. याच पिढीतील वेलींपासून दुसरी पिढी घेतली तेव्हा 5474 दाणे गुळगुळीत व 1850 सुरकुतलेले निघाले, म्हणजे जवळजवळ तीनास एक. 1866 साली प्रसिद्ध झालेल्या या निबंधाकडे 1900 पर्यंत फारसे कोणी लक्ष दिले नाही.

या आकड्यांत दडलेले तत्त्व असे. मातापित्यांचे गुण अपत्यात दुधात पाणी मिसळावे तसे मिसळत नाहीत. तांदूळ व मूग एकत्र करावेत तसे ते राहतात. खिचडीसाठी एकत्र केलेले दाणे निवडून पुन्हा वेगळे करता येतात, तसाच पहिल्या पिढीत लोपलेला सुरकुतलेपणा दुसऱ्या पिढीत जसाच्या तसा प्रकट होतो. प्रत्येक लक्षणासाठी जनुकांची जोडी असते, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेले. बीज तयार होताना ही जोडी फुटते आणि प्रत्येक बीजात तिच्यातील एकच जनुक जाते. जोडीत एक असतानाही जे लक्षण दिसते ते प्रभावी. दोन्ही असल्याशिवाय जे दिसत नाही ते अप्रभावी. मनुष्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात आणि जनुके त्यांवर वसलेली असतात.

आता सिकलसेलकडे वळू. अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एका अक्षराइतका बदल होतो. परिणामी हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. पाउलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 साली हा रेणूचा विकार असल्याचे दाखविले आणि पुढे काही वर्षांतच इंग्रॅम यांनी हा नेमका बदल शोधून काढला. रक्तातील प्राणवायू कमी झाला की हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून लांब काड्या बनविते व लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, त्यातून शूल. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांत फुटते, त्यातून पांडुता व कामला. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बाळाचे रक्षण करते. म्हणून सहा महिन्यांनंतर बाळाच्या हातापायांवर वेदनायुक्त सूज येणे हे पुष्कळदा पहिले चिन्ह ठरते.

दोन्ही जनुके दूषित असलेली व्यक्ती पीडित (एसएस) आणि एकच दूषित असलेली वाहक (एएस). वाहकास सामान्यतः कोणताही त्रास नसतो. किंबहुना मलेरियाच्या घातक प्रकारापासून त्याला काही अंशी संरक्षण मिळते, असे ॲलिसन यांनी 1954 साली दाखविले. मलेरियाग्रस्त अरण्यप्रदेशांत हा दोष पिढ्यान्पिढ्या का टिकला, याचे उत्तर येथे मिळते. वाहकास ‘रुग्ण’ म्हणून संबोधणे व त्याला औषध देणे सर्वथा चुकीचे आहे.

माता व पिता दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भधारणेत अपत्य पीडित असण्याची शक्यता चारांत एक, वाहक असण्याची चारांत दोन आणि पूर्ण निर्दोष असण्याची चारांत एक. येथे एक गैरसमज हटकून होतो. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन धडधाकट होतील’ असे कुटुंब मानते आणि कधी कधी चिकित्सकही मान डोलावतो. जनुकांना मागील बाळंतपण स्मरत नाही. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात आणि शक्यता पुन्हा चारांत एक एवढीच असते.

दुसरा आक्षेप, ‘आमच्या घराण्यात हा रोग कोणालाच नाही’. अशा दांपत्यास दोन अपत्ये झाली, तर दोन्ही रोगमुक्त असण्याची शक्यता सोळांत नऊ, म्हणजे निम्म्याहून अधिक. दोष पिढ्यान्पिढ्या गुप्त राहू शकतो तो असा. पीडित बालकाच्या निरोगी भावंडांचे गणितही ध्यानी घ्यावे. पीडित असण्याची शक्यता वगळली की उरलेल्या तिहींपैकी दोन वाटे वाहकाचे असतात. म्हणजे ते भावंड वाहक असण्याची शक्यता तीनांत दोन. विवाहापूर्वी त्याची तपासणी व्हावयास हवी ती यासाठी. जोडीदार निर्दोष असेल तर एकही अपत्य पीडित होणार नाही. दोघेही वाहक असून विवाह झालेला असेल, तर गर्भाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास निदान होऊ शकते. अशा दांपत्यास वेळेवर मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

मातेने गरोदरपणी अमुक खाल्ले, ग्रहणात बाहेर पडली, असा ठपका अनेक घरांत सुनेवर येतो. पीडित अपत्यास एक जनुक पित्याकडून आलेले असते, हे सासू-सासऱ्यांसमक्ष स्पष्ट शब्दांत सांगणे वैद्यालाच शक्य आहे, कारण घरात त्याचा शब्द मानला जातो.

चिकित्सेतील दोन गोष्टींवर आम्ही विशेष भर देतो. पहिली लोहाविषयी. पांडू दिसला की मंडूर, नवायस लोह वा धात्री लोह लिहिण्याचा आपला परिपाठ आहे. सिकलसेल व थॅलेसेमियात पांडुता लोहाभावामुळे आलेली नसते. फुटलेल्या पेशींतील लोह शरीरातच राहते आणि वारंवार रक्त दिलेल्या रुग्णात ते यकृत व हृदयात साचते. अशा रुग्णात लोहाचा अभावही असू शकतो, पण तो फेरिटिन तपासून ठरवावा, नखे-डोळे पाहून नव्हे. लोहकल्पांनी दोन-तीन महिन्यांत हिमोग्लोबिन वाढले नाही, तर मात्रा वाढविण्याआधी सोल्युबिलिटी चाचणी व त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस वा एचपीएलसी करून घ्यावी.

दुसरी गोष्ट शोधनाची. शरीरातील पाणी घटणे, थंडी व ज्वर ही पेशी वाकण्याची ज्ञात कारणे आहेत. सांधेदुखी पाहून आमवात समजून लंघन, तीव्र स्वेदन वा विरेचन योजिले, तर शूलाचा वेग ओढवून घेतल्यासारखे होईल. हायड्रॉक्सियुरिया चालू असलेल्या रुग्णाने आपले औषध घेताना ते स्वतःहून थांबवू नये, हेही सांगावे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले असून 2047 हे त्याचे लक्ष्यवर्ष आहे. संशयित रुग्ण व त्याचे आप्त यांना या अभियानाच्या तपासणीशी जोडून द्यावे.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी आणखी एक उदाहरण. जी-६-पीडी या विकराची न्यूनता एक्स गुणसूत्रावरील जनुकामुळे येते. पुरुषात एक्स एकच, तोही मातेकडून आलेला. म्हणून वाहक मातेच्या प्रत्येक पुत्रास दोष येण्याची शक्यता निम्मी असते आणि पित्याकडून पुत्रास तो कधीच जात नाही. या व्यक्ती एरवी ठणठणीत असतात. प्रायमाक्विन, डॅप्सोन वा नायट्रोफ्युरँटोइन पोटात गेले, अथवा डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळास घातले, की एक ते तीन दिवसांत मूत्र काळसर होते आणि कामला दिसते. बाळाच्या त्वचेवर मेंदीचा लेप दिल्यानेही असे घडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून मलेरियाची गोळी देताना किंवा बाळासाठी मेंदी मागितली असता, ‘घरात मामाला वा भावाला औषधाने कावीळ झाली होती का?’ हा एक प्रश्न दुकानातच विचारावा. येथे विचारावयाचे ते मामाचे, काकाचे नव्हे.