जपानमधला पीआर अर्ज : खिडकीवर जाण्यापूर्वीची तयारी



आपल्याकडची बरीच मुलं इंजिनिअर होऊन, जपानी भाषा शिकून टोकियोला जातात. तिथल्या एदोगावा वॉर्डात, निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही आहेत. दोन-चार वर्षं झाली की फोनवर एक शब्द ऐकू येऊ लागतो, 'पीआर'. म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना, जपानीत 'एइजू'. आपण "मिळाला का रे?" एवढंच विचारतो. पण तो कसा मिळतो, त्यासाठी काय लागतं आणि त्यातलं किती काही आपल्या शाळेत, आपल्या घरात शिकवता येण्यासारखं आहे, हे आज समजून घेऊ या.

पीआर म्हणजे काय आणि काय नाही

नोकरीच्या व्हिसावर राहणारा माणूस त्याच्या कामाशी बांधलेला असतो. नोकरी सुटली आणि योग्य कारणाशिवाय तीन महिने त्या प्रकारचं काम केलं नाही, तर त्याचा परवाना रद्द होऊ शकतो. पीआर मिळाला की ही टांगती तलवार जाते. कोणतंही कायदेशीर काम करता येतं, धंदा काढता येतो, बँकेचं गृहकर्ज मिळणं सोपं होतं. नोकरदाराच्या अवलंबित व्हिसावर आलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला परवानगी काढूनही आठवड्याला २८ तासच काम करता येतं. जोडीदाराला पीआर मिळाला की आपला व्हिसा बदलून घेता येतो आणि मग ही मर्यादा राहत नाही.

पण पीआर म्हणजे नागरिकत्व नव्हे. पासपोर्ट भारताचाच राहतो, तिथे मतदानाचा हक्क मिळत नाही. पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले, ते जपानचं नागरिकत्व घेतल्यानंतर. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून ती वाट धरणाऱ्याला भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. पीआरवाल्याला तो सोडावा लागत नाही. बहुतेक कुटुंबं पीआरवर थांबतात ती यामुळेच.

आणखी एक. 'कायम' शब्दाने फसू नका. पुन्हा प्रवेशाचा वेगळा परवाना न काढता देशाबाहेर एक वर्षाहून जास्त राहिलं, तर पीआर जातो. रहिवासी कार्डही दर सात वर्षांनी नवं करून घ्यावं लागतं.

गुणांचं गणित

साधारण नियम असा की जपानमध्ये सलग दहा वर्षं वास्तव्य हवं आणि त्यातली किमान पाच वर्षं नोकरीच्या व्हिसावर. कुशल परदेशी कामगारांसाठी मात्र २०१२ पासून गुणपद्धती आहे. तिच्यात ७० गुण असतील तर तीन वर्षांत आणि ८० असतील तर एका वर्षातच अर्ज करता येतो. एका वर्षाची ही सवलत एप्रिल २०१७ पासूनची.

गुण कशाचे? तांत्रिक कामासाठी पाहू. पदवीचे १०, पदव्युत्तरचे २०, पीएचडीचे ३०. अनुभव तीन वर्षांचा असेल तर ५, पाच वर्षांचा १०, सात वर्षांचा १५, दहा वर्षांचा २०. वय तिशीच्या आत असेल तर १५, तीस ते चौतीस १०, पस्तीस ते एकोणचाळीस ५. पगाराचे ४० पर्यंत. जपानी भाषेच्या एन-२ परीक्षेचे १० आणि एन-१ चे १५.

आता एक उदाहरण फळ्यावर मांडू. समजा, नाशिकची एक मुलगी. वय २९, बी.ई., पाच वर्षांचा अनुभव, वर्षाचा पगार ६० लाख येन, एन-२ पास.

पदवी १० + अनुभव १० + पगार २० + वय १५ + भाषा १० = ६५.

पाच गुण कमी. तिने एन-१ काढली तर बरोबर ७० होतात. पण परीक्षा पुढे ढकलली आणि मध्ये तिसावा वाढदिवस झाला, तर वयाचे पाच गुण जातात. एन-१ पास होऊनही बेरीज पुन्हा ६५! म्हणजे ती अभ्यासात कमी पडली असं नाही, तारीख चुकली. बेरीज अर्जाच्या वेळची आणि तीन वर्षांपूर्वीची अशी दोन्ही वेळची दाखवायची असते. व्हिसा साध्या इंजिनिअरचा असला, तरी तेव्हा इतके गुण होते हे कागदांनी सिद्ध करता येतं. सातवी-आठवीच्या मुलांनाही ही बेरीज जमेल, करायला देऊन बघा.

कागद काय सांगतात

कायदा तीन गोष्टी तपासतो: वर्तन चांगलं आहे का, माणूस स्वतःच्या कमाईवर उभा आहे का आणि त्याचं राहणं देशाच्या हिताचं आहे का. ऐकायला मोठे शब्द आहेत. पण खिडकीमागचा अधिकारी हे सगळं शोधतो ते साध्या साध्या कागदांत.

अर्ज, फोटो, पासपोर्ट आणि रहिवासी कार्ड. वॉर्ड कार्यालयातून मिळणारा सगळ्या कुटुंबाचा रहिवासी दाखला, म्हणजे 'जुमिनह्यो'. नोकरीचा दाखला. रहिवासी कराचे दाखले, साधारण अर्जदाराला पाच वर्षांचे, ७० गुणवाल्याला तीन आणि ८० गुणवाल्याला एका वर्षाचे. पेन्शन म्हणजे 'नेन्किन' आणि आरोग्य विमा भरल्याचा पुरावा, साधारण मागच्या दोन वर्षांचा. गुणांचा तक्ता आणि त्यातल्या प्रत्येक गुणाचा पुरावा. जपानी नागरिक किंवा पीआर असलेल्या एका माणसाचं हमीपत्र. आणि का राहायचं आहे हे सांगणारं कारणपत्र.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कर, पेन्शन आणि विमा भरलाय का एवढंच बघत नाहीत, वेळेवर भरलाय का तेही बघतात. उशिरा भरून सगळी बाकी चुकती केली, तरी तो उशीर अर्जदाराच्या विरुद्ध धरला जातो. बरं, पगारातून परस्पर कापलं जात असेल तोवर काळजी नसते. घोटाळा होतो तो नोकरी बदलताना.

समजा, आपल्या मुलीने १५ ऑगस्टला एक कंपनी सोडली आणि १ ऑक्टोबरला दुसरीत रुजू झाली. मधला दीड महिना ती भारतात आईवडिलांकडे येऊन राहिली. पण ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांचं पेन्शन आता तिने स्वतः भरायचं असतं. त्यासाठी चौदा दिवसांत वॉर्ड कार्यालयात कळवायचं असतं. रहिवासी कराची बिलंही आता घरी पोस्टाने येतात. ती भारतात, बिल टपालपेटीत! परत जाऊन तिने सगळं भरलं, पण मुदत टळली होती. गुण ऐंशी असले तरी हा डाग त्या दाखल्यात दिसतो. बहुतेकदा मग सल्ला मिळतो तो हाच, की तपासणीच्या काळात हा उशीर दिसणार नाही इतके महिने जाऊ द्या, तेव्हा अर्ज करा.

२०२४ मध्ये तिथल्या संसदेने आणखी एक बदल मंजूर केला. ऐपत असून मुद्दाम कर किंवा विमा न भरणाऱ्याचा मिळालेला पीआरसुद्धा रद्द करण्याची तरतूद झाली. म्हणजे ही शिस्त अर्जापुरती नाही, नंतरही पाळायची आहे.

खिडकीवरचा दिवस

पीआरचा अर्ज इमिग्रेशन कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन द्यायचा असतो. स्वतः जायचं, नाहीतर नोंदणीकृत वकील किंवा 'ग्योसेइशोशी' म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणारा परवानाधारक, यांच्यामार्फत. टोकियोचं मुख्य कार्यालय शिनागावा स्टेशनपासून बसने जाण्याच्या अंतरावर आहे. गर्दी खूप. आधी नंबर घ्यायचा, बसून राहायचं. नंबर आला की खिडकीवर कागद पूर्ण आहेत का ते बघतात आणि अर्ज दाखल झाल्याची, क्रमांक असलेली पावती देतात. मुलाखत बहुधा नसते. वशिला तर नाहीच. आपण कितीही गोड बोललो तरी बोलतो तो कागदच.

तीन सूचना मुलांना आवर्जून सांगा.

१. जपानमध्ये काढलेले दाखले तीन महिन्यांच्या आतले लागतात. म्हणून सगळे दाखले खूप आधी काढून ठेवू नयेत. भारतातून येणारे कागद मात्र आधीच मागवावेत.

२. अर्ज दिला म्हणजे हातातल्या व्हिसाची मुदत वाढत नाही. निकाल येण्याआधी ती संपत असेल, तर व्हिसा वेगळा वाढवून घ्यायचा. निकालाची अधिकृत मुदत चार ते सहा महिन्यांची असली, तरी टोकियोत वर्षाहून जास्तही लागतं.

३. मधल्या काळात नोकरी, पत्ता किंवा घरातली माणसं बदलली तर कळवायचं. तसं लिहून दिलेलं असतं.

मंजुरी झाली की पोस्टाने कळवतात. मग पुन्हा खिडकीवर जायचं आणि शुल्काचं महसुली तिकीट द्यायचं. हे शुल्क एप्रिल २०२५ मध्ये आठ हजारांवरून दहा हजार येन झालं. शुल्क बदलत राहतं, जाण्यापूर्वी चालू दर बघावा.

आजी-आजोबांचा प्रश्न

पालकहो, हा भाग तुमच्यासाठी. उच्च कुशल व्यावसायिक व्हिसावर असलेल्या मुलाला किंवा मुलीला, घरात सात वर्षांखालचं मूल असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८० लाख येन असेल, तर आपल्या किंवा जोडीदाराच्या आईवडिलांना नातवंडं सांभाळायला सोबत राहण्यासाठी नेता येतं. पीआर घेतला की ही सवलत संपते! कारण ती त्या व्हिसाची आहे, पीआरची नाही.

म्हणून काही घरांत मूल सात वर्षांचं होईपर्यंत मुद्दाम अर्ज करत नाहीत. काही घरांत नोकरीची खात्री नसते, ते आधी पीआर घेतात. दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात. पण हा निर्णय एकट्या मुलाने फॉर्म भरताना घेऊ नये. "आम्ही दोघं तिकडे किती दिवस राहणार?" हा प्रश्न अर्जाच्या आधी घरात बोलून घ्या. नंतर "आम्हाला सांगितलं का नाही?" म्हणून मनं दुखावण्यात अर्थ नाही.

आपल्या शाळेत काय करता येईल?

नाव एकच ठेवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग मुलाचं आणि वडिलांचं नाव, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर मांडणी वेगळी. पदवीवर तिसरीच. त्यात देशपांडे लिहिताना इंग्रजी स्पेलिंग कुठे एका 'ए'ने, कुठे दोन 'ए'ने. लग्नानंतर मुलीचं नाव बदललं की आणखी भर. हा माणूस एकच आहे हे परदेशात पटवून देताना दम निघतो. दहावीचा फॉर्म भरताना आपण वर्गशिक्षकांनी नावाचं स्पेलिंग आधार कार्डाशी ताडून पाहिलं, तर पुढचे कितीतरी हेलपाटे वाचतील.

दाखले मागण्याची सवय लावा. अनुभवाचे गुण मिळतात ते कागदावर. भारतातली पहिली नोकरी सोडताना रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख आणि कामाचं स्वरूप लिहिलेलं पत्र घेतलंच पाहिजे. कंपनी बंद पडल्यावर ते कुठून आणणार?

कारणपत्र लिहायला शिकवा. दहावीच्या उपयोजित लेखनात आपण पत्र शिकवतोच. दोन नमुने मुलांपुढे ठेवा. एकात "जपान हा महान देश आहे, मला तिथली संस्कृती फार आवडते" अशी वाक्यं. दुसऱ्यात "मी अमुक साली आलो, अमुक काम करतो, माझी मुलगी इथल्या शाळेत दुसरीत आहे, कर आणि विमा वेळेवर भरला आहे, पुढची वर्षं इथेच काम करायचं आहे" अशी. कोणतं पत्र अधिकाऱ्याच्या कामाचं, आणि का? मुलांना चर्चा करू द्या. मग "मला वाचनालयाचं सभासदत्व का हवं" यावर दहा ओळींचं पत्र लिहून घ्या. अट एकच, प्रत्येक वाक्यात पडताळून पाहता येईल अशी एक तरी गोष्ट हवी.

तारखांची वही. वर्गातल्या प्रत्येकाने घरातल्या वीजबिलाची शेवटची तारीख आणि भरल्याची तारीख सहा महिने लिहायची. काही मुलं घरी जाऊन "बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे" असं सांगू लागतील, तेव्हा उपक्रम जमला असं समजा.

आपल्या वर्गातली सगळी मुलं काही टोकियोला जाणार नाहीत. पण रेशनकार्ड, जातीचा दाखला, पीककर्ज, शिष्यवृत्ती, अर्ज तर प्रत्येकालाच करावा लागतो. वेळेवर भरणं, कागद जपणं आणि खरं तेच नेमकं लिहिणं एवढं त्याला येत असलं, तर कुठल्याही खिडकीपुढे तो न घाबरता उभा राहील. तुमच्या वर्गात यातला एखादा उपक्रम करून पाहिलात, तर कसा झाला ते जरूर कळवा.